खून का खून : एका हरवलेल्या भुताच्या मागावर

‘हॅम्लेट’ वर्गात शिकवायला घेतले की पहिल्या दोन-तीन तासांतच एक प्रश्न येतो. नगर जिल्ह्यातल्या वर्गांत तो आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. कधी तो पाथर्डीहून एस.टी.ने येणारा मुलगा विचारतो, कधी राहुरीची मुलगी. ‘सर, ते भूत खरंच असतं का?’ वर्गात हशा पिकतो. आम्हीही हसतो आणि ठरलेले उत्तर देतो : भूत हे निमित्त आहे, खरे नाटक राजपुत्राच्या मनात घडते. एवढे सांगून आम्ही लगबगीने स्वगतांकडे वळतो, कारण परीक्षेत प्रश्न राजपुत्राच्या चालढकलीवर येतो, भुतावर येत नाही.

हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यात टाळाटाळ आहे, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. निमित्त झाले ते एका चित्रपटाचे, आणि तोही आम्ही पाहिलेला नाही. तो आज कुणालाच पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उपलब्ध नाही. सोहराब मोदी यांनी १९३५ साली मुंबईत काढलेला हा उर्दू-हिंदी बोलपट म्हणजे ‘खून का खून’. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे पारशी रंगभूमीवर रुळलेले रूप त्यांनी जवळजवळ जसेच्या तसे पडद्यावर आणले. तो चालला नाही. चित्रपटांच्या इतिहासात त्याची वासलात बहुधा चार-दोन ओळींत लावली जाते : नाटकाचे चित्रीकरण, मोदींचा पहिला प्रयत्न, अपयशी. पण त्याचे नाव मात्र आमच्या डोक्यातून जाईना. डेन्मार्कच्या विचारमग्न राजपुत्राच्या शोकात्मिकेला हे असे, भिंतीवरच्या पोस्टरवर लाल अक्षरांत शोभेल असे नाव का दिले गेले असावे? या नावाचा माग काढता काढता आम्ही विद्यार्थ्यांच्या त्या जुन्या प्रश्नापाशी परत आलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

तीन नावे

शेक्सपिअरने आपल्या नाटकाला नायकाचे नाव दिले. त्यामुळे आपण नाटकभर त्या माणसाकडे पाहत राहतो. मराठीत हे नाटक प्रथम आणले ते गोपाळ गणेश आगरकर यांनी. त्यांचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ. इथे नायक मागे सरकतो आणि त्याच्या मनात जे उसळते ते पुढे येते. पुढे १८९८ च्या सुमारास मेहदी हसन ‘अहसन’ यांनी पारशी रंगभूमीसाठी याच नाटकाचे उर्दू रूपांतर केले. त्यांनी नाव दिले ‘खून-ए-नाहक’. ‘नाहक’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हकनाक झालेला खून, ज्याला काही कारण नव्हते आणि ज्याचा न्याय झाला नाही असा खून. इथे माणूस आणि त्याचे मन दोन्ही मागे जातात आणि सांडलेले रक्त पुढे येते. मोदींच्या चित्रपटाने या नावाला आणखी एक पीळ दिला : ‘खून का खून’. खुनाबद्दल खून, किंवा एका खुनातून निघालेला दुसरा.

व्यक्ती, विकार आणि रक्त अशी एकाच नाटकाची ही तीन वाचने तीन नावांतून समोर येतात. पहिली दोन विद्यापीठाने आपली मानली. तिसरे वाचन कंपनीच्या तंबूत आणि थिएटरातल्या पिटात राहिले. ते बटबटीत आहे, पैशांसाठी केलेले आहे, असे म्हणून आपण त्याला दारातच थांबवले. या तिसऱ्या वाचनाची बाजू इथे मांडावी, असा आमचा हेतू आहे.

बुद्धिवाद्याच्या घरचे भूत

आगरकरांपासून सुरुवात केली पाहिजे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘विकारविलसित’चे काम त्यांनी या तुरुंगात केले. पुढे १८८८ साली ‘सुधारक’ काढून ज्यांनी रूढी, कर्मकांड आणि अंधश्रद्धा यांच्यावर अखंड प्रहार केले, त्यांनी तुरुंगाच्या कोठडीत बसून मराठीत आणले ते नाटक भुताच्या बळावर उभे असावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. आणि याच आगरकरांची सनातन्यांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. आपल्या मरणाचा देखावा जिवंतपणी पाहणे ज्यांच्या नशिबी आले, त्यांचा भुताशी असलेला संबंध केवळ पुस्तकी म्हणता यायचा नाही.

आगरकरांनी निवडलेले नाव पाहिले की त्यांनी या भुताचे काय केले असेल याचा अंदाज येतो. ‘विकारविलसित’ म्हटले की भूत मनाच्या आत जाते. ते एक विकार ठरते, तर्काला पचते. पण शेक्सपिअरची संहिता इतक्या सहजी सोडत नाही. पहिल्या अंकात भूत राजपुत्राच्या आधी पहारेकऱ्यांना दिसते. ते एकाला दिसत नाही, अनेकांना दिसते. विद्यापीठातून आलेला, भुतावर विश्वास न ठेवणारा होरेशिओ मुद्दाम खात्री करून घ्यायला तटावर जातो आणि स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहतो. याला मनाचा भास म्हणणे अवघड आहे. तिसऱ्या अंकात मात्र राणीच्या महालात तेच भूत फक्त हॅम्लेटला दिसते. राणीला तिथे रिकामी हवा दिसते. म्हणजे शेक्सपिअरने दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. आगरकर तिसऱ्या अंकाच्या दाराने आत गेले आणि पारशी कंपन्या पहिल्या अंकाच्या.

आणि प्रेक्षक? साताऱ्याच्या, म्हणजे शाहूनगरच्या, शाहूनगरवासी नाटक मंडळीने ‘विकारविलसित’ रंगभूमीवर गाजवले. गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, ही त्या काळातली ख्याती होती. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी या मंडळीला शेक्सपिअर समजावून दिला होता. वर्ग आणि रंगमंच यांच्यात तेव्हा आजच्यासारखी भिंत नव्हती. गणपतरावांचा अभिनय पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांत इंग्रजी न येणारेच अधिक असणार. त्यांना हे भूत परके वाटण्याचे कारण नव्हते. अपमृत्यू आलेला, इच्छा राहिलेला, क्रियाकर्म न झालेला मृतात्मा घराभोवती घुटमळतो, ही समजूत गावोगाव होती. मुंजा, समंध, खवीस, हडळ, वेताळ अशी भुतांची वर्णव्यवस्थाच ज्या भाषेत आहे, तिला डेन्मार्कच्या राजाचे भूत समजायला तळटीप लागत नाही.

उलट शेक्सपिअरच्या इंग्लंडात अडचण अधिक होती. हे भूत आपण मरणोत्तर शुद्धीच्या यातना भोगत असल्याचे सुचवते, आणि तसली जागा प्रोटेस्टंट धर्माने केव्हाच रद्द केली होती. तेव्हा हे भूत खरे, की बापाचे रूप घेऊन आलेला सैतान, ही शंका हॅम्लेटला छळते. ही शंका मराठी प्रेक्षकाला तितकीशी छळत नसावी. त्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता : बापाचे ऋण मुलगा कसे फेडणार? ‘खून-ए-नाहक’ हे नाव याच प्रश्नाच्या बाजूला उभे आहे.

कंपनीचे नाटक, पडद्यावर

या नाटकाचे पडद्यावरचे आयुष्य बोलपटाच्या आधीच सुरू झाले. १९२८ साली के. बी. आठवले यांनी ‘खून-ए-नाहक’ याच नावाने मूकपट काढला. ज्या नाटकाचा जीव शब्दांत आहे ते शब्दांवाचून दाखवायचे, तर हाती काय उरते? हावभाव, वेड, द्वंद्व, विष आणि भूत. म्हणजे नेमके तेच, जे वर्गात आपण गाळतो.

त्यानंतर सात वर्षांनी मोदींचा बोलपट आला. सोहराब मोदी पारशी रंगभूमीवर घडलेले नट होते. भावाच्या नाटक कंपनीतून गावोगाव फिरून शेक्सपिअरच्या रूपांतरांत त्यांनी नाव कमावले होते. १९३१ च्या ‘आलम आरा’नंतर बोलपटाने नाटक कंपन्यांचा प्रेक्षक खेचून नेला आणि कंपन्या एकामागून एक बसू लागल्या. मरू घातलेल्या रंगभूमीला पडद्यावर जागा करून द्यावी, असे मोदींना वाटले. त्यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नावच ‘स्टेज फिल्म कंपनी’ होते. नाव आणि कार्यक्रम एकच. रंगमंचावर जे उभे होते तेच कॅमेऱ्यापुढे उभे करायचे, तेच संवाद, तीच गाणी, तीच फेक.

स्वतः मोदी हॅम्लेट झाले. ओफिलियाच्या भूमिकेत नसीम बानू हिने पदार्पण केले. शाळकरी वयातल्या या मुलीला चित्रपटात काम करायचे होते. आईचा सक्त विरोध होता. तेव्हा मुलीने अन्नत्याग केला आणि आईला नमावे लागले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. विशेष म्हणजे आई शमशादबाई, जी स्वतः गायिका होती, याच चित्रपटात राणीच्या, म्हणजे गर्ट्रूडच्या, भूमिकेत आहे. शेक्सपिअरच्या नाटकात गर्ट्रूड ओफिलियाच्या थडग्यात फुले टाकते. इथे ती फुले खऱ्या आईने खऱ्या मुलीच्या नावाने टाकायची होती. तो प्रसंग पडद्यावर कसा दिसला असेल, याची कल्पनाच आता करायची.

‘खून का खून’ चालला नाही. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, मोदींनी ‘सैद-ए-हवस’ काढला. आगा हश्र काश्मिरी यांनी शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’वरून रचलेल्या नाटकावर तो आधारलेला होता. तोही चालला नाही. मोदींनी धडा घेतला आणि त्याच वर्षी ‘मिनर्व्हा मूव्हिटोन’ काढली. पुढे ‘पुकार’ (१९३९), ‘सिकंदर’ (१९४१) अशा भव्य ऐतिहासिक चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. ‘पुकार’मध्ये तीच नसीम नूरजहाँ झाली. पण त्या भव्य दरबारांत घुमणारी संवादफेक कुठून आली होती हे विसरता येत नाही. ती ‘खून का खून’च्या बसलेल्या कंपनीतून आली होती.

हा चित्रपट भयपट होता काय? त्या काळी आपल्याकडे असा वेगळा वर्गच नव्हता, त्यामुळे त्याला हे लेबल चिकटवणे अनैतिहासिक ठरेल. पण कबरीतून उठून आलेला मृत, वेड, विष, कवटी, थडगे आणि शेवटी प्रेतांचा खच ही सामग्री पुढे ज्या भयपटांनी वापरली, त्यांच्या वंशावळीत त्याला जागा आहे असे आम्हांला वाटते. मोदींनंतर सदतीस वर्षांनी, १९७२ साली, रामसे बंधूंनी महाबळेश्वरात घरच्याच माणसांना हाताशी धरून अगदी तुटपुंज्या पैशांत ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला. बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याचा काटा काढतात, आणि पुरलेला नवरा सूड घ्यायला परत येतो. रामसे बंधूंनी हे शेक्सपिअरवरून घेतले असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की राणी, तिचा जार आणि मारला गेलेला नवरा ही त्रयी एल्सिनोरच्या तटावरही होती आणि महाबळेश्वरच्या धुक्यातही. फरक असा, की एल्सिनोरमध्ये भूत स्वतः हात उचलत नाही. ते काम मुलावर सोपवते. त्या सोपवण्यातून भयकथेची शोकात्मिका होते.

स्वस्त म्हणजे काय?

‘स्वस्त’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. थोड्या पैशांत झालेले ते स्वस्त, आणि हलके तेही स्वस्त. या दोन अर्थांची गल्लत झाली की अन्याय होतो.

शेक्सपिअरची रंगभूमी पहिल्या अर्थाने स्वस्तच होती. एक पेनी टाकली की उभ्याने नाटक पाहता येई. नेपथ्य नाममात्र, प्रयोग भर दिवसा. अशा उजेडात भूत उभे करायचे, तेही अंधाराच्या मदतीवाचून! टॉमस किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’त एक भूत सूडदेवतेला शेजारी घेऊन सबंध नाटकभर रंगमंचावर बसून राहते. शेक्सपिअरच्या आधीही लंडनच्या रंगभूमीवर एक ‘हॅम्लेट’ होते. ते आज हरवले आहे. टॉमस लॉज याने १५९६ साली त्याची टर उडवली होती. त्याच्या मते त्यातले फिकट भूत कालवे विकणाऱ्या बाईसारखे सुडासाठी ओरडत असे. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या शोकात्मिकेच्या मुळाशी एक हास्यास्पद ठरलेले भुताचे नाटक आहे. शेक्सपिअरने ते भूत काढून टाकले नाही. त्याला चिलखत घातले, आवाज खाली आणला आणि आधी बराच वेळ गप्प ठेवले. निकोलस रो याने १७०९ साली लिहिलेल्या चरित्रात तर असे आहे की नट म्हणून शेक्सपिअरची सर्वांत उत्तम भूमिका हीच, स्वतःच्या ‘हॅम्लेट’मधले भूत. लेखकाने स्वतःसाठी राजपुत्र निवडला नाही, भूत निवडले. यावर आपण वर्गात कधी थांबलो का?

पडद्याला भूत स्वस्तात परवडते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की आरपार दिसणारा माणूस तयार होतो. दादासाहेब फाळक्यांना ही जादू ठाऊक होती. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने तिच्यावर आपले सारे दुकान मांडले होते. त्याने १९०७ साली ‘हॅम्लेट’वर एक छोटा चित्रपट काढला. तोही आज हरवलेला आहे. १९६२ साली अमेरिकेत रॉजर कॉर्मनने तिसऱ्या रिचर्डच्या कथेवर ‘टॉवर ऑफ लंडन’ काढला. पैसे इतके थोडे की तो कृष्णधवलच काढावा लागला. त्यात व्हिन्सेंट प्राइसचा रिचर्ड आपल्या हातून मेलेल्यांच्या भुतांनी वेडा होत जातो. गंमत अशी, की १९३९ सालच्या याच नावाच्या चित्रपटात प्राइसने रिचर्डकडून मारला जाणारा भाऊ क्लॅरन्स रंगवला होता. तेव्हा बळी असलेला नट तेवीस वर्षांनी खुनी होऊन आला.

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये ही भुते लढाईच्या आदल्या रात्री एकामागून एक येऊन जातात. कॉर्मनने त्यांना सबंध चित्रपटभर पसरले. पंडितांनी नाके मुरडली. पण त्या पसरण्यात शेक्सपिअरचे एक वाचन आहे : सत्ता मिळवताना केलेला प्रत्येक खून सत्ताधाऱ्याच्या घरात राहायला येतो. हे समजायला महागडा चित्रपट लागत नाही. कदाचित महागड्या चित्रपटात ते दिसतही नाही, कारण तिथे डोळे राजवाड्यावर खिळतात.

नगरचा हमामखाना

आता आम्ही ज्या गावात बसून हे लिहितो आहोत, त्या गावाकडे वळू. अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) निजामशाही राज्य आणि शेक्सपिअर समकालीन आहेत. शेक्सपिअरला चोविसावे वर्ष लागले होते त्या १५८८ साली नगरात काय घडले, ते पाहावे.

मुर्तझा निजामशाह १५६५ पासून गादीवर होता. उत्तरायुष्यात तो एकांतात राहू लागला, त्याच्या मनाचा तोल ढळला, आणि इतिहासात त्याला ‘दिवाणा’ हे नाव कायमचे चिकटले. त्याला आपल्याच मुलाचा, मीरान हुसेनचा, संशय येऊ लागला. मुलाच्या बिछान्याला आग लावून त्याला मारण्याचा प्रयत्न त्याने केला, असे सांगतात. अखेर मुलाने बाजी उलटवली. आजारी बापाला हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली जाळ पेटवला. बाप गुदमरून मेला. मुलगा गादीवर बसला, पण वर्ष उलटायच्या आत, १५८९ मध्ये, त्याचाही खून झाला. खून का खून!

पुढे १५९५-९६ मध्ये चांदबीबीने मोगलांविरुद्ध हा किल्ला लढवला, आणि १६०० साली फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला ठार केले. ‘हॅम्लेट’ लिहिले गेले ते याच सुमारास. नाहक खुनाची इतकी सामग्री ज्या गावात आहे, तिथल्या मुलांना डेन्मार्क दूरचे वाटू नये. पण आम्ही त्यांना कधी किल्ल्याच्या दिशेने बोट दाखवले नाही. आमच्या विस्मरणाचा आणखी एक पुरावा शहराबाहेरच्या डोंगरावर उभा आहे. ज्या वास्तूला सारे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात, ती चांदबीबीची नाहीच. ती मुर्तझाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. इथल्या मृतांची नावेसुद्धा अदलाबदल होऊन बसली आहेत.

मग हमामखान्याची हकीकत आपल्यापर्यंत आली कशी? ती सांगायला एक माणूस उरला म्हणून. इतिहासकार फरिश्ता लहानपणी बापाबरोबर नगरला आला. बापाला मीरान हुसेनला फारसी शिकवण्यासाठी बोलावले होते, त्यामुळे राजपुत्र आणि फरिश्ता हे सहाध्यायी झाले. १५८८ च्या त्या दिवसांत फरिश्ता मुर्तझाच्या पहाऱ्यावर होता. राजपुत्राची माणसे चालून आली तेव्हा जुन्या ओळखीमुळे त्याचा जीव वाचला. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला.

‘हॅम्लेट’ शिकवणाऱ्याला या माणसाची ओळख पटायला वेळ लागू नये. राजपुत्राचा सहाध्यायी, तटावरच्या घटनेचा साक्षीदार, सर्वांच्या प्रेतांमध्ये जिवंत राहिलेला आणि हकीकत सांगण्याचे ओझे वाहणारा. नाटकात त्याचे नाव होरेशिओ. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की नगरच्या होरेशिओचा मित्र बापाचा सूड घेणारा नव्हता, बापाला मारणारा होता. शोकात्मिकेत मित्राची बाजू सांगायची असते. इतिहासात मित्राचा गुन्हाही सांगावा लागतो.

ज्याला होरेशिओ मिळाला नाही

‘खून का खून’ला असा होरेशिओ मिळाला नाही. त्या काळच्या नायट्रेट फिल्मला आग चटकन लागते, आणि काळाबरोबर ती आपोआप कुजतही जाते. तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी कित्येक जुने चित्रपट वितळवले गेले. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत मूकपटांचा आणि सुरुवातीच्या बोलपटांचा बराच मोठा भाग नाहीसा झाला होता. पी. के. नायर यांनी जन्मभर वणवण करून जे वाचवले, ते वाचवले. २००३ साली पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि त्यातलेही पुष्कळ गेले.

पण सगळा दोष आगीवर टाकणे बरोबर नाही. जे राखण्याजोगे वाटते ते माणसे राखतात. ‘खून का खून’ राखण्याजोगा वाटला नाही, कारण तो ‘नुसते चित्रित केलेले नाटक’ होता. चित्रपटवाल्यांना तो चित्रपट वाटला नाही, नाटकवाल्यांना नाटक वाटले नाही, आणि विद्यापीठाला शेक्सपिअर वाटला नाही. आज नेमके ते ‘नुसते चित्रित केलेले नाटक’च आम्हांला हवे आहे. पारशी रंगभूमीवर भूत कसे चालत असे, स्वगत कुणाकडे पाहून म्हटले जाई, ओफिलियाचे वेड कोणत्या चालीत गायले जाई, हे डोळ्यांनी पाहण्याची तीच एक खिडकी होती. जो दोष म्हणून सांगितला गेला, तोच त्याचा ऐतिहासिक गुण होता. गणपतराव जोश्यांचा चंद्रसेन तर १९२२ मध्ये त्यांच्याबरोबरच गेला. त्याला पडदा लाभलाच नाही.

मराठी आणि इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना म्हणून आमचे एक सांगणे आहे. रूपांतरांचा अभ्यास करताना आपण छापील संहितांपाशी थांबतो, कारण त्या मिळतात. पण ज्या रूपांतरांनी शेक्सपिअर बहुसंख्य लोकांपर्यंत नेला, ती तंबूत, पिटात आणि फिरत्या टॉकीजमध्ये झाली. त्यांच्या खुणा अजून घरांत सापडतील : नाटकाच्या जाहिरातीचा जुना कागद, चित्रपटाच्या गाण्यांची चार पानी पुस्तिका, आजोबांच्या तोंडी राहिलेली एखादी संवादफेक. त्या रद्दीत जाण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात. हे संशोधन हलके नाही. अडगळीतली अशी एक पुस्तिका हाती आली, तर ती ‘हॅम्लेट’वरच्या शंभराव्या प्रबंधापेक्षा मोलाची ठरेल.

आणि तो प्रश्न? भूत खरे की खोटे? अलीकडे आम्ही वर्गात हसत नाही. आधी पहारेकऱ्यांचा प्रवेश वाचतो, मग राणीच्या महालातला. नंतर नगरचा हमामखाना सांगतो आणि मुलांनाच विचारतो. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, ज्याचा न्याय झाला नाही तो परत येणारच की.’ या उत्तराला परीक्षेत किती गुण द्यावेत हे आम्हांला ठरवता आले नाही. पण मेहदी हसन यांनी नाटकाचे नाव ठरवताना असाच काही विचार केला असावा, असे त्या दिवशी आम्हांला प्रथमच वाटले.